वॉरंटी संपल्यानंतरची हिरवी रेघ

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातील एक भगिनी घरगुती डबे पुरवतात आणि सणावाराला फराळाच्या ऑर्डरी घेतात. ऑर्डरी, पत्ते, पैशांचे व्यवहार, सारे एकाच स्मार्टफोनवर चालते. हा फोन पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना ऑनलाइन घेऊन दिला. किंमत २७,९९९ रुपये, बिल मुलाच्या नावाचे, वॉरंटी एक वर्षाची. चौदाव्या महिन्यात रात्री सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ दिसू लागली. आठवड्याभरात तिच्या शेजारी दुसरी उमटली. फोन कधी पडलेला नाही, पाण्यात गेलेला नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगितले, ‘वॉरंटी संपली आहे, डिस्प्ले बदलावा लागेल, ११,४०० रुपये होतील.’ बाजारातला दुरुस्तीवाला तेच काम ५,५०० रुपयांत करून देतो म्हणतो. मुलगा म्हणतो, दिवाळीच्या सेलमध्ये एक्स्चेंजला टाकू. यजमान म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडणार. एक नातेवाईक सांगतात, केस टाका, लाखभर रुपये भरपाई मिळेल. पत्राच्या शेवटी त्यांनी असेही लिहिले आहे की दहाव्या महिन्यात फोन तापत होता व पडदा मधूनच लुकलुकत होता, तेव्हा त्याच सेंटरने ‘सॉफ्टवेअर मारून’ तो परत दिला होता. त्यांचा प्रश्न असा: वॉरंटी संपली म्हणजे आपला हक्कही संपला का, आणि आता नेमके काय करावे?

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम सांगतो, ते आज रात्री डबे घासून झाले की करून टाका. फोनमधील फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. ही हिरवी रेघ बहुधा एकटी राहत नाही, हे तुम्ही आठवड्याभरात पाहिलेच आहे. दोनाच्या चार होतात, आणि कधी कधी एखाद्या सकाळी सबंध पडदाच पांढरा किंवा काळा होऊन बसतो. फोन आतून जिवंत असतो, रिंग वाजते, संदेश आल्याचा आवाजही येतो. परंतु पिन टाकायला पडदाच उरत नाही, आणि पिन टाकल्याशिवाय आजकालचे फोन संगणकालाही आतली माहिती वाचू देत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप आहे, तो घ्या. फोटो मुलाच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नेहमीच्या ग्राहकांचे नंबर व पत्ते सरळ एका वहीत लिहून काढा. फराळाच्या हंगामात वहीइतका भरवशाचा बॅकअप मला तरी ठाऊक नाही. पैसे भरण्याच्या अ‍ॅपची मात्र चिंता करू नका. पैसे बँकेत असतात, फोनमध्ये नसतात, आणि तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून नोंदणी पुन्हा करता येते.

आता मूळ प्रश्न. ‘वॉरंटी संपली’ हे सेंटरचे म्हणणे खरे आहे, परंतु त्यावरून तुम्ही जो अर्थ काढला आहे तो त्यात नाही. वॉरंटी हे कंपनीने स्वतः होऊन दिलेले लेखी वचन असते: अमुक काळात बिघाड झाला तर आम्ही प्रश्न न विचारता दुरुस्त करून देऊ. तो काळ संपला की ते वचन संपते. ग्राहक म्हणून कायद्याने दिलेले संरक्षण त्या तारखेला बांधलेले नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात कायद्याने, स्पष्ट किंवा गर्भित कराराने, किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने जो दर्जा राखणे आवश्यक ठरते, त्यातील कोणतीही उणीव येते. तक्रार करण्याची मुदतही वॉरंटीच्या तारखेवरून मोजली जात नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, अशी ती आहे. म्हणजे जन्मजात दोष चौदाव्या महिन्यात उघडा पडला, तर त्याबद्दल दाद मागण्याची वाट बंद होत नाही.

अर्थात या वाटेवर काटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. वॉरंटीच्या काळात बिघाड झाला तर तुम्हाला काही सिद्ध करावे लागत नाही. वॉरंटीनंतर दोष मुळातला होता हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. फोन इतकी वर्षे चाललाच पाहिजे असे आकड्यात सांगणारा नियम आपल्याकडे नाही. कंपनी सहज म्हणू शकते की पडदा ही वापरानुसार झिजणारी वस्तू आहे, फोन गरम जागी ठेवला असेल, खिशात दाबला गेला असेल. या युक्तिवादांना उत्तर द्यायचे तर हातात कागद हवा.

तो कागद बहुधा तुमच्याकडे आहे, आणि त्याचे मोल तुमच्या ध्यानात आलेले दिसत नाही. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही दहाव्या महिन्यातली हकिगत लिहिली आहे, तीही जणू सेंटरच्या माणसाची बाजू घेऊन: ‘त्याने बिचाऱ्याने पैसे न घेता सॉफ्टवेअर मारून दिले.’ पैसे घ्यायचे नव्हतेच, कारण तेव्हा वॉरंटी चालू होती. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. फोन तापतो आणि पडदा लुकलुकतो ही तक्रार वॉरंटीच्या आत, अधिकृत ठिकाणी नोंदवली गेली होती. पडद्याचे दुखणे तेव्हाच सुरू झाले होते आणि त्यावर वरवरचा इलाज झाला, असे तुम्ही आज म्हणू शकता. तसे झाले की वाद वॉरंटीनंतर उद्भवलेल्या बिघाडाचा राहत नाही, वॉरंटीत नोंदवलेल्या आणि नीट न निवारलेल्या तक्रारीचा होतो. त्यात कंपनीची वस्तू सदोष असण्याबरोबर सेवेतील त्रुटी हाही मुद्दा येतो, आणि तो सिद्ध करणे पुष्कळच सोपे असते.

म्हणून त्या दिवशीचे जॉब शीट, म्हणजे फोन जमा करताना सेंटरने दिलेला नोंदीचा कागद, शोधा. देव्हाऱ्याच्या खणात, विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात, फोनच्या मूळ खोक्यात, जिथे असेल तिथे. कागद सापडला नाही तर मुलाच्या किंवा तुमच्या नंबरावर त्या वेळी आलेला एसएमएस किंवा ईमेल बघा; फोन जमा केल्याचा संदेश बहुतेक सेंटरे पाठवतात आणि त्यात जॉब क्रमांक असतो. तेही नसेल तर सेंटरमध्ये जाऊन आयएमईआय क्रमांकावरून, म्हणजे फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून, जुन्या नोंदीची प्रत मागा. हा पंधरा अंकी क्रमांक खोक्यावर असतो, आणि स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे डायल केले की पडद्यावरही दिसतो. तो आजच वहीत लिहून घ्या, कारण उद्या पडदा गेला तर तो तिथून मिळणार नाही.

इथे थोडे थांबून अपडेटबद्दल बोलतो. ‘अपडेट मुद्दाम देऊन जुने फोन बिघडवतात’ असे तुम्ही ठामपणे लिहिले आहे. तुमचा संताप मी समजू शकतो. रात्री झोपताना चांगला असलेला फोन सकाळी रेघ घेऊन उठला तर कोणालाही असेच वाटेल. तरीही तक्रारीचा पाया या आरोपावर रचू नका, असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या फोनचा पडदा अ‍ॅमोलेड प्रकारचा आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. या ठिपक्यांच्या उभ्या रांगांना हुकूम देणारी चिप पडद्याच्या कडेला, अतिशय बारीक जोडांच्या लवचीक पट्टीतून जोडलेली असते. उष्णतेने, दाबाने किंवा जोड मुळातच कच्चा राहिल्याने एखादा धागा सुटला की त्याची रांग हुकूम ऐकेनाशी होते आणि एकाच रंगात पेटून राहते. मोठ्या अपडेटनंतर फोन काही तास आतल्या आत आवराआवर करीत राहतो आणि त्यात नेहमीपेक्षा जास्त तापतो. आधीच कमकुवत झालेला जोड त्या उष्णतेत सुटणे शक्य आहे. परंतु मग दोष जोडाचा ठरतो, अपडेट निमित्त ठरते. आणि कंपनीचा हेतू वाईट होता हे तर तुम्हाला किंवा मला कधीच सिद्ध करता येणार नाही. तुम्ही फक्त तारखा एकामागून एक लिहा: अमुक दिवशी लुकलुकणे, अमुक दिवशी सेंटर, अमुक रात्री अपडेट, अमुक सकाळी रेघ. वाचणाऱ्याला त्यातून जे समजायचे ते समजते.

दुसरे असे की या दोषाची कंपन्यांनाही चांगली ओळख आहे. वनप्लसने २०२३ मध्ये भारतातील आपल्या काही जुन्या मॉडेलांसाठी हिरव्या रेघेच्या दोषावर पडद्याची आजीवन वॉरंटी जाहीर केली. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२० व एस२१ या मालिका आणि एस२२ अल्ट्रा यांच्यासाठी एकदा मोफत पडदा बदलून देण्याची सोय भारतात केली. खरेदीला तीन वर्षे झालेली नसावीत आणि फोनवर आपटल्याच्या किंवा पाण्याच्या खुणा नसाव्यात, अशा अटी होत्या. दोष वेगळा होता, पण अ‍ॅपलनेही आयफोन १२ आणि १२ प्रो यांच्या कानाजवळच्या स्पीकरमधील दोषासाठी २०२१ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढली होती. अशा योजना सहसा काउंटरवर फलक लावून सांगितल्या जात नाहीत, विचारणाऱ्याला मिळतात. तुमच्या मॉडेलासाठी अशी योजना चालू आहे का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारणे ही तुमची पहिली पायरी. सेंटरमधील काउंटरवरच्या मुलाला याचे उत्तर ठाऊक असेलच असे नाही. त्याच्या संगणकावर ‘वॉरंटीबाहेर’ एवढेच लिहून येते आणि त्यापलीकडे काही देण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याच्यावर आवाज चढवून तुमचे काम होणार नाही, आणि त्या बिचाऱ्याचा दिवस मात्र खराब होईल.

‘बिल मुलाच्या नावाचे आहे, म्हणजे तक्रार मला करता येणार नाही’ हे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे नाही. वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असते. आपल्याकडे मुलांनी आईवडिलांना, भावाने बहिणीला फोन घेऊन देणे इतके सर्रास आहे की ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मुलाने ऑनलाइन खात्यातून बिलाची प्रत काढून द्यावी आणि फोन आई वापरते अशी दोन ओळींची चिठ्ठी सही करून द्यावी, एवढे पुरे. धंद्यासाठी फोन वापरता म्हणून कोणी अडवले तर तेही लटके आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या असल्या, तरी स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी केलेला स्वयंरोजगार त्या अपवादात धरलेला नाही.

आता लेखी तक्रार. ती कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर जाऊ द्या, आणि मजकूर साधारण असा ठेवा: ‘माझ्या मुलाने दिनांक अमुक रोजी घेतलेला, अमुक आयएमईआय क्रमांकाचा फोन माझ्या वापरात आहे. दिनांक अमुक रोजी, वॉरंटीच्या काळात, फोन तापणे व पडदा लुकलुकणे या तक्रारीसाठी तो आपल्या अधिकृत केंद्रात दिला होता. जॉब शीटची प्रत सोबत जोडली आहे. त्या वेळी सॉफ्टवेअर बदलून फोन परत करण्यात आला, पडदा बदलण्यात आला नाही. दिनांक अमुकपासून पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आहेत. फोनला बाहेरून कोणतीही इजा नाही. छायाचित्रे सोबत आहेत. वॉरंटीत नोंदवलेल्या तक्रारीचे निवारण न झाल्यामुळे पडदा विनामूल्य बदलून द्यावा, ही विनंती. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.’ विशेषणे नकोत, शाप नकोत, आणि ‘तुमच्यासारख्या नामांकित कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्यही नको. उत्तरात कंपनीने अर्धा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, किंवा सुटा भाग मोफत आणि मजुरी तुमची असे सुचवले, तर ते तिथेच झिडकारू नका. वॉरंटी नुकतीच संपलेल्या फोनांच्या बाबतीत अशी तडजोड होऊ शकते, आणि ११,४०० रुपयांचे काम चार-पाच हजारांत होत असेल तर हंगाम तोंडावर असलेल्या माणसाने ते पत्करणे यात कमीपणा नाही.

फोन पुन्हा सेंटरमध्ये द्यावा लागला तर काउंटरवरच त्याचा चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या आणि जॉब शीटवर ‘बाहेरून इजा नाही, पाण्याची खूण नाही’ असे लिहून घ्या. फोनच्या आत पाणी लागले की रंग बदलणारा एक छोटा स्टिकर असतो; तो तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. नंतर ‘आत ओल होती’ असे ऐकण्यापेक्षा हे बरे. पिन लिहून देऊ नका. काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, त्यात तंत्रज्ञाला फोन तपासता येतो परंतु तुमचे फोटो व संदेश दिसत नाहीत. तो नसेल तर बॅकअपची खातरजमा करून फोन रिकामा करूनच द्या.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, किंवा नुसता नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. ती तुमची तक्रार कंपनीच्या संबंधित विभागापर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. एवढ्यानेही पुष्कळ गाडी पुढे सरकते, कारण काउंटरवर अडकलेली तक्रार निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या टेबलावर जाते. आपल्या राज्यात ग्राहक चळवळीची परंपराही जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि आज अनेक तालुक्यांच्या गावी पंचायतीचे कार्यकर्ते आहेत. तुमच्या जवळ कोणी असतील तर मसुदा त्यांना एकदा दाखवा.

त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची, ज्याला आपण अजूनही सवयीने ग्राहक मंच म्हणतो. तुमचे नातेवाईक म्हणतात ती केस इथे टाकायची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दोष नुसत्या डोळ्यांना दिसून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत किंवा नुकसानभरपाई यांपैकी योग्य तो आदेश देऊ शकतो. तपासणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारे पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागू शकतो, ही खूणगाठ बांधून ठेवा. आणि लाखभर रुपये? भरपाई झालेल्या नुकसानीच्या मानाने ठरते. २८ हजारांच्या फोनमधील ११ हजारांच्या पडद्यासाठी लाखाची मागणी केली तर तक्रारीतील खरा मुद्दा हलका होतो. पडद्याची रक्कम, हेलपाट्यांचा खर्च, आणि फोन बंद राहून बुडालेल्या ऑर्डरींची तुम्हाला दाखवता येईल तेवढी नोंद, एवढेच मागा.

हे सारे वाचून तुमच्या मनात येईल की मग त्यापेक्षा बाजारातला ५,५०० रुपयांचा मार्ग काय वाईट. तो वाईट नाही. फक्त तो आत्ता नको. कारण साधे आहे. एकदा बाहेर फोन उघडला आणि मूळ पडदा काढला की तुमचा पुरावा टेबलावरच्या कचऱ्यात गेला, आणि ‘बाहेर उघडलेला फोन’ हे कंपनीला आयते निमित्त मिळाले. तेव्हा आधी लेखी तक्रार, मग उत्तराची वाट, आणि ती वाट बंद झाली तरच बाजार. सेंटरबाहेरचा दुरुस्तीवाला म्हणजे फसवणारा, अशी जी समजूत तुमच्या पत्रात डोकावते, तीही मला मान्य नाही. सूक्ष्मदर्शक लावून मदरबोर्डवरची (फोनच्या मुख्य सर्किटवरची) एकेक आयसी, म्हणजे चिप, बदलणारे कारागीर आपल्या शहरांच्या गल्ल्यांत बसलेले आहेत, आणि सेंटर जिथे अख्खा बोर्ड बदलायला सांगते तिथे हे लोक शेपाचशेत फोन उभा करतात, हे मी पाहिले आहे. प्रश्न त्यांच्या हाताचा नाही, मालाचा आहे. काच, टच आणि डिस्प्ले मिळून जो भाग बनतो त्याला ते ‘फोल्डर’ म्हणतात, आणि एकाच मॉडेलाचा फोल्डर तीन-चार दर्जांचा मिळतो: दुसऱ्या फोनमधून काढलेला मूळ, कॉपी, आणि अ‍ॅमोलेडच्या जागी बसवायचा साधा एलसीडी. ५,५०० रुपयांत यातला कोणता, हे आधी स्पष्ट विचारा. तुमचा फोन पडद्यावर बोट ठेवून उघडत असेल, तर एलसीडी बसवल्यावर ती सोय बहुधा जाईल. उन्हात पडदा फिका दिसेल आणि बॅटरीही लवकर उतरेल. फोल्डरचा दर्जा, किंमत आणि किती महिन्यांची हमी, हे तिन्ही बिलावर लिहून घ्या, आणि जुना पडदा परत मागा. बिल देत नाही म्हणाला तर पुढचे दुकान बघा.

मुलाच्या सूचनेबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्याचा हेतू चांगला आहे आणि हिशेब मात्र अपुरा आहे. रेघ पडलेल्या फोनला एक्स्चेंजमध्ये फारच थोडी किंमत येते. पडद्यावर रेघा आहेत का, हा प्रश्न तिथे विचारतात, आणि खोटे उत्तर दिले तर फोन न्यायला आलेला मुलगा दारातच व्यवहार मोडतो. म्हणजे नवा फोन जवळजवळ पूर्ण किमतीला पडेल, वर हप्ते. मी स्वतः असा ठोकताळा ठेवतो की दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या फोनच्या किमतीच्या निम्म्याहून कमी असेल आणि फोनला सुरक्षेची अपडेट अजून दोन वर्षे तरी मिळणार असतील, तर दुरुस्ती. तुमचा फोन सव्वा वर्षाचा आहे, बॅटरी ठीक आहे, बाकी तक्रार नाही. अगदी ११,४०० भरावे लागले तरी मी नवा घेणार नाही. मात्र मुलाला एक काम सांगा: फोन घेताना त्याने वाढीव वॉरंटीची योजना सोबत घेतली होती का, हे ऑर्डरच्या तपशिलात पाहायला सांगा. बिल भरताना चारपाचशे रुपयांची अशी योजना टिक होते आणि नंतर घरात कोणाच्याही लक्षात राहत नाही.

हे सदर इतरही वाचक वाचतात, म्हणून तुमच्या प्रश्नाला लागून असलेल्या दोन-तीन गोष्टी. फोनची पाठ फुगून वर आली असेल तर ती बॅटरी आहे; अशा फोनला चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये, आणि वॉरंटी असो वा नसो, त्याच दिवशी तो दुरुस्तीला न्यावा. फोन पूर्ण डेड असेल तर सेंटर मदरबोर्ड बदलायला सांगते, आणि नव्या बोर्डाबरोबर जुने फोटो कायमचे जातात, कारण माहिती त्या जुन्या बोर्डावरच, कुलूपबंद स्वरूपात असते. फोटो हवे असतील तर आधी बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर शोधावा. चार्जिंग होत नसेल तर फोनच्या चार्जिंगच्या खाचेतील कापसासारखी घाण आधी फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच काढून पाहावी; यात पैसे वाचल्याची उदाहरणे माझ्याच घरात आहेत. आणि दुरुस्तीऐवजी बदली फोन मिळाला, तर ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून आयएमईआय क्रमांक टाकून १४४२२ वर एसएमएस करावा. तो क्रमांक खरा आहे की काळ्या यादीतला, हे कळते.

दुरुस्तीच्या हक्काबद्दलही, म्हणजे घेतलेली वस्तू सहज व रास्त भावात दुरुस्त करून घेता यावी या मागणीबद्दलही, तुम्ही विचारले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस एक पोर्टल सुरू केले, त्यावर अनेक कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. माहिती मिळणे आणि सुटा भाग रास्त भावात मिळणे यांत मात्र अंतर आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या फोनांचे प्रमुख सुटे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले आहे. आपल्याकडे असे काही होईल तेव्हा होईल. तुमच्या दिवाळीला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या दिवाळीचा विचार करून वेळापत्रक असे सुचवतो. या आठवड्यात बॅकअप, जॉब शीट आणि ईमेल. पुढचे पंधरा दिवस फोन उन्हात किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवायचा नाही, चार्जिंगला लावून वापरायचा नाही, आणि मोठे अपडेट येईल ते पुढे ढकलायचे. घरातला एखादा जुना फोन चार्ज करून तयार ठेवा, म्हणजे हा अचानक गेला तरी सिम काढून त्यात घालता येईल आणि चकलीची ऑर्डर चुकणार नाही. पंधरा दिवसांनंतर १९१५. तोवर हंगाम डोक्यावर आला आणि काहीच निष्पन्न झाले नाही, तर सेंटरमध्येच पैसे भरून पडदा बदलून घ्या, पण ‘हक्क राखून, तक्रार कायम ठेवून’ अशी ओळ त्यांच्या पावतीवर किंवा त्याच दिवशीच्या ईमेलमध्ये लिहा. पैसे भरल्याने तक्रार संपत नाही. ते परत मागण्यासाठी पुढे आयोगाकडे जाता येते, आणि अधिकृत सेंटरची पावती हाच तुमचा पुरावा असतो.

तूर्त मला एकच गोष्ट कळवा. जॉब शीट सापडले की त्यावर ‘ग्राहकाची तक्रार’ असा रकाना असेल. त्यात त्या माणसाने ‘फोन तापतो’ एवढेच लिहिले आहे, की ‘पडदा लुकलुकतो’ हेही लिहिले आहे? लुकलुकण्याचे शब्द तिथे असतील, तर वरच्या मसुद्यातील ‘विनंती’ हा शब्द काढून ‘मागणी’ असा लिहा.